मिनेसोटाचं लेडीज स्लिपर घरी लावता येईल का?

थंडीतला_पुणेकर: मंडळी, परवा बेमिजीकडे जाताना रस्त्याकडेच्या ओल्या चरात गुलाबी-पांढरी फुलं दिसली, खालची पाकळी पिशवीसारखी फुगलेली. फोटो सर्च केला तर शोई लेडीज स्लिपर नावाचं ऑर्किड, इथलं राज्यफूल निघालं. इतकी होती की एखादं रोप मुळासकट आणून बॅकयार्डमध्ये लावावं म्हणतोय, पावसात आमच्याकडे पाणी तुंबतंच. जगेल का?

बागडू: नको रे बाबा. 1925 पासून कायद्याने संरक्षण आहे त्याला. शिवाय उपटून आणलेली बहुतेक मरतातच. बी अगदी धुळीसारखं, त्यात अन्नसाठा शून्य, जमिनीत ठराविक बुरशी भेटली तरच रुजणार, आणि पहिलं फूल यायला कधीकधी 16 वर्षं. म्हणजे तू पाहिलेलं झुडूप कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या वयाचं असेल, आणि तू कुदळ घेऊन निघालायस 😄

रानवाटा: खणून नेणारे आहेतच पण मोठं नुकसान दलदली गेल्यामुळे झालं. टॅमरॅक, सीडर या सूचिपर्णी झाडांची पाणथळ जंगलं शेतीसाठी चर खणून सुकवली, उरलेल्यात हरणं येऊन खातात आणि झाडी फार दाट झाली की सावलीत फूलच धरत नाही. रस्त्याकडेला ओल आणि ऊन दोन्ही मिळतं म्हणून तिथे दिसतात, पण तिथेच गवत कापायचं मशीन फिरतं, तणनाशक मारतात, हिवाळ्यात मीठ टाकतात. 1902 पासून राज्यफूल म्हणून मिरवायचं आणि ठेवायचं गटाराच्या कडेला, मला तरी हे पटत नाही. नीट जपलं तर वाढतं हो, कॅनडात ओंटारियोत लॅनार्कजवळ ज्यो पर्डन म्हणून एक जण होते, 1930 च्या दशकात त्यांना आपल्या जमिनीतल्या दलदलीत थोडीशी झाडं सापडली, ती सांभाळली, आता तिथे हजारोंनी फुलतात आणि लोक लाकडी वाटेवरून बघून येतात.

थंडीतला_पुणेकर: बरं, कुदळ ठेवली. मग नर्सरीत विकतात ते?

बागडू: ते चालेल, फक्त लॅबमध्ये बियांपासून केलेलं आहे का ते विचारून घे, महाग पडेल. आणि तुंबलेलं पाणी नाही चालत, माती कायम ओलसर हवी पण गड्डा पाण्याच्या वर राहायला हवा.

रानवाटा: नुसती बघायची असतील तर ब्लॅकडक ते कॅस लेक हायवे 39 ने जा, जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला. पानांना हात लावू नका, त्यांच्यावरच्या बारीक लवीने काहींना चांगलीच खाज सुटते.