मदत हवी आहे: लहान मुलांना इतिहासातल्या राण्यांच्या गोष्टी कशा सांगाव्यात?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी दर रविवारी सकाळी मुलांना गोष्टी सांगते. नऊ-दहा जण येतात, मोठ्या शिशूपासून दुसरीपर्यंतचे. या महिन्यात मुलींनीच 'राण्यांच्या गोष्टी सांगा' म्हणून हट्ट धरला. त्यांच्या डोक्यातली राणी म्हणजे मुकुट, घेरदार फ्रॉक आणि राजवाडा. झाशीची राणी तेवढी सगळ्यांना माहीत, पण तीही गॅदरिंगमधली: पाठीला बाहुली बांधलेली आणि हातात पुठ्ठ्याची तलवार.

पहिल्या रविवारी लक्ष्मीबाईच घेतली. बिठूर, मनूची घोडेस्वारी, मल्लखांब इथपर्यंत मुलं अगदी रंगून गेली. मग 1853 मध्ये गंगाधरराव वारले, इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली, हे सांगितलं. दुसऱ्या रविवारी अहिल्याबाई. त्यांचे पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात 1754 मध्ये गेले, सासरे मल्हारराव 1766 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. तिसऱ्या रविवारी ताराबाई सुरू केली. "राजाराम महाराज तेव्हा सिंहगडावर होते," एवढंच म्हणाले आणि पहिलीतला एक जण मध्येच म्हणाला, "काकू, हिचा पण राजा मरणार ना?"

लगेच दुसरा: "राणी व्हायला आधी राजा मरायलाच लागतो का?"

मला काही सुचेना. मी स्वतः या गोष्टी इतक्या वेळा वाचल्यात, पण ओळीने तीन गोष्टी त्याच एका वळणावर येतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलांच्या आलं.

आता खरी अडचण सांगते. आमच्यात सहा वर्षांची एक मुलगी आहे, तिचे बाबा गेल्या वर्षी गेले. त्या दिवशी ती कडेला बसून सतरंजीच्या दशांची वेणी घालत होती, काही बोलली नाही. सगळे गेल्यावर चप्पल घालता घालता तिने विचारलं, "मग आता माझी आई राणी झाली का?" अगदी सरळ प्रश्न होता, रडवेला वगैरे नाही. मी तिला जवळ घेतलं, पण उत्तर देऊ शकले नाही.

तेव्हापासून मनातून जात नाहीये. राजाचा मृत्यू गाळला तर ताराबाईने पंचविशीत औरंगजेबाशी झुंज का घेतली, हे सांगताच येत नाही. सांगितला तर ही अशी साखळी तयार होते. त्यात सतीचा विषय. मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाण्यापासून थांबवलं, हा त्या गोष्टीचा कणा आहे, पण सहा वर्षांच्या मुलांपुढे तो कसा मांडायचा? शिवाय मला फक्त लढायाच सांगायच्या नाहीत. कोणी शिक्षक असाल किंवा घरी नातवंडांना सांगत असाल, तर कृपया मार्ग सुचवा. पुढच्या रविवारी परत अहिल्याबाईच घ्यायची इच्छा आहे, कारण त्यांची गोष्ट मी नीट सांगितली नाही असं वाटतंय.

प्रतिसाद १

ताई, मी तीस वर्षं बालवाडी आणि पहिली-दुसरीला शिकवलं. माझं पहिलं म्हणणं, चरित्र जन्मापासून सांगू नका. जन्म, लग्न, वैधव्य, राज्य, मृत्यू हा मोठ्यांच्या पुस्तकातला क्रम आहे. लहान मुलांना हातात धरता येईल अशी एखादी वस्तू आधी द्यावी.

अहिल्याबाई घेणार असाल तर कोणाकडून तरी माहेश्वरी साडी मागून आणा. सतरंजीवर पसरा आणि मुलांना काठ बघू द्या. त्यात विटांसारखी नक्षी असते, चटईसारखी असते, हिऱ्यासारखी असते. मग नर्मदेकाठच्या महेश्वरच्या घाटाचा आणि किल्ल्याचा फोटो दाखवा आणि तीच नक्षी दगडात शोधायला लावा. काठ उलटून दाखवा, दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. नंतर सांगा की एका राणीने विणकरांना आपल्या गावात आणून वसवलं, आज अडीचशे वर्षं होत आली तरी तिथे माग चालतात. 'ती राणी कोण' हे मुलं स्वतःच विचारतील. तिथून काशी विश्वनाथाचं देऊळ, वेरूळचं घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट आणि विहिरी. पुतळ्यात त्यांच्या तळहातावर पिंड का असते हेही एखादं पोर विचारेलच.

पेशव्यांचे काका राघोबादादा यांचा प्रसंग जरूर सांगा, त्यात लढाई होतच नाही. 1767 मध्ये मालेराव गेल्यावर दादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले. बाईंनी निरोप धाडला की बायकांना हरवलंत तर कोणी वाहवा करणार नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. दादा म्हणाले, मी तर सांत्वनाला आलोय! परंपरेने ही गोष्ट अशीच सांगतात. माझ्या वर्गात मुलं ती बसवायची, दादांच्या भूमिकेसाठी भांडणं व्हायची.

प्रतिसाद २

मी जुन्नरकडचा. पावसाळा सरला की मुलांना नाणेघाटात आणा असं आग्रहाने सांगेन. घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पलीकडच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची मोजदाद त्यात कोरली आहे, म्हणून देशातल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये या लेखाचं नाव घेतात. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. मुलांना पाटीवर काढून दाखवा, एका मिनिटात शिकतात. तिथेच राजघराण्याचे पुतळे होते, आता फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं उरली आहेत. माझी भाची त्या पावलांशेजारी आपलं पाऊल ठेवून बराच वेळ उभी होती.

प्रतिसाद ३

'राजा मरायलाच लागतो का' याचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते उदाहरणांनीच द्यावं. रझिया: दिल्लीच्या इल्तुतमिशने मुलगे असूनही मुलीला वारस ठरवलं, 1236 मध्ये ती गादीवर आली. रुद्रमादेवी: वरंगळच्या गणपतिदेवाला मुलगा नव्हता, त्याने लेकीलाच राज्य चालवायला शिकवलं. आणि आपल्या जिजाऊ! शहाजीराजे 1664 पर्यंत हयात होते. पुण्याची उजाड जहागीर वसवली तेव्हा त्या विधवा नव्हत्या. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवल्याची कथा मुलांना फार आवडते.

चांदबिबीही विसरू नका. 1595-96 च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून अहमदनगरच्या किल्ल्याच्या तटाला भगदाड पाडलं. ती स्वतः तिथे उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. ठोकळ्यांची भिंत रचायची, पाडायची आणि दिवे मालवून पुन्हा रचायची, हा खेळ मी माझ्या नातवाबरोबर किती वेळा खेळले असेन! गोळे संपल्यावर तिने सोन्याचांदीचे गोळे तोफेत घातले असंही सांगतात. असं काही आलं की मी 'लोक सांगतात' म्हणते आणि पुराव्याचं असेल तिथे 'हे घडलं' म्हणते. नातू सात वर्षांचा आहे, आता तोच मला थांबवून विचारतो, "आजी, हे घडलं का लोक सांगतात?"

प्रतिसाद ४

त्या छोटीविषयी लिहिते. माझे यजमान गेले तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता.

आधी तिच्या आईशी बोला. घरी कोणता शब्द वापरतात ते विचारा आणि गोष्टीतही तोच वापरा. आमच्या घरी कोणीतरी 'बाबा झोपलेत' म्हणालं आणि मुलगा कित्येक दिवस झोपायला घाबरत होता. त्यामुळे 'वारले' हे एकदाच, साध्या आवाजात सांगून पुढे जावं. मुलं दचकतात ती आपला आवाज बदलतो म्हणून.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच गोष्टीत आहे. मल्हाररावांनी सुनेला कारभारात आधीपासून तयार केलं होतं. 1765 च्या त्यांच्या एका पत्रात तोफा घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या आणि दारूगोळ्याची तजवीज ठेवण्याच्या सूचना आहेत, त्या अहिल्याबाईंना! म्हणजे त्या गादीवर बसल्या ते काम येत होतं म्हणून. छोटीला एवढंच सांगा. तिची आई रोज काय काय सांभाळते ते तिला दिसतंच आहे.

सतीचं म्हणाल तर या वयाला चिता नको. "सासरे म्हणाले, बाळ, तू मला हवी आहेस, तू जाऊ नकोस," इतकंच पुरे. 'कुठे जाऊ नकोस' असं कोणी विचारलंच, तर त्या काळी एक फार वाईट चाल होती आणि आता कायद्याने बंद आहे, हे खरं सांगा. लपवू मात्र नका.

धागाकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ वाचून डोळे भरून आले. शनिवारी छोटीच्या आईशी बोलले. त्या म्हणाल्या, घरी आम्ही 'वारले' असंच म्हणतो, तुम्हीही म्हणा.

काल साडीपासूनच सुरुवात केली. शेजारच्या आजींनी त्यांची जांभळी माहेश्वरी दिली. पहिली दहा मिनिटं मुलं काठावर पालथी पडून नक्षी शोधत होती, 'वीट' छोटीला सर्वांत आधी सापडली. मग मल्हाररावांचं पत्र सांगितलं. सासरेबुवा दूर आहेत, सुनेला लिहितायत, तोफा ने, दारू कोरडी ठेव. एकाने विचारलं की खंडेराव कुठे होते, तर मी काही म्हणायच्या आत छोटीच म्हणाली, "ते वारले होते ना. म्हणून पत्र हिला लिहिलं." आणि पुढची गोष्ट सुरू झाली.

नाणेघाटाची सहल दिवाळीनंतर ठरवतोय. जुन्नरकरदादा, मुलांना चालायला किती वेळ लागेल ते जरूर कळवा.

आणि आणखी एक मदत. जाताना छोटीने दारातून परत येऊन विचारलं, "एक तोफ ओढायला किती बैल लागायचे?" पुढच्या रविवारी सांगते असं कबूल केलंय. उत्तरपेशवाईतल्या तोफखान्याचा कोणाचा अभ्यास असेल तर कृपया लिहा, चित्र मिळालं तर फारच उत्तम.