वाळीत टाकणं हा 'गावाचा घरगुती मामला' आहे का?

रानवाट
गावकार यांनी काल दुसऱ्या धाग्यावर लिहिलं की, सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आणून सरकार गावाच्या ओसरीवर येऊन बसलं. माणूस आणि त्याचा समाज यांचं भांडण त्यांनीच मिटवावं. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून वेगळा धागा काढते.

मिटवायचं कोणापुढे? ज्यांनी निकाल दिला तेच पंच, तेच शेजारी, तेच किराणावाले. वाळीत टाकण्याची रीत ठरलेली असते. बैठकीत दंड ठरतो. तो भरला नाही की शिमग्याची पालखी त्या दारात थांबत नाही, मग गिरणीवर दळण घेत नाहीत, लग्नाची आमंत्रणं बंद होतात, मयताला कोणी येत नाही. आणि त्या घराशी जो बोलेल त्यालाही दंड. सगळा बहिष्कार या शेवटच्या नियमावर उभा असतो. शेजाऱ्याच्या मनात राग नसला तरी त्याला गप्प राहावं लागतं. याला 'समाजाची नापसंती' म्हणता येत नाही. ही शिक्षा आहे, आणि शिक्षा देण्याचा अधिकार गावकीला, म्हणजे कोकणातल्या गावच्या परंपरागत पंचांच्या बैठकीला, कोणी दिलेला नाही.

बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत म्हणाले होते की, मसुद्याने खेडं सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे. त्याच्या आदल्याच वर्षी घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरवण्याची कलमं घातली होती, आणि व्याख्येसाठी आधार घेतला होता ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. महाराष्ट्राला कायदा करायला २०१६ उजाडलं.

गावकार
बाबासाहेबांचं ते वाक्य सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच घटनेत पुढे कलम ४० आलं आणि ग्रामपंचायतींना स्वराज्याचा घटक म्हणून अधिकार द्यायला सांगितलं गेलं, ते तुम्ही सोडून दिलंत.

गावकी म्हणजे दंड घेणारी टोळी, असं चित्र तुम्ही रंगवता. पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, दुरुस्त कोण करतं? विहिरीचा गाळ कोण काढतं? मयताची लाकडं फोडायला रात्री दोन वाजता कोण येतं? तलाठी येत नाही. मुंबईतले चाकरमानी मंडळाची वर्गणी काढून गावची शाळा शाकारतात, ती याच बांधणीच्या जोरावर. ही बांधणी मोडली की माणूस मोकळा होत नाही, एकटा पडतो, आणि एकट्या माणसाला तहसील कचेरीत कोणी विचारत नाही.

दुसरं, मेंढा-लेखा. गडचिरोलीतल्या त्या गावाने वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. निर्णय सर्वसहमतीने होतात. तिथे समूह हाच हक्कदार आहे. ते तुम्हाला चालतं, कोकणातली गावकी मात्र गुन्हेगार?

कागदपत्र
तुलना चुकीची आहे, गावकार. वनहक्क कायद्यातल्या ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ सभासद असतो. २०१२ च्या सुधारणेनंतर गणपूर्तीला निम्मे सभासद लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. तुमच्या गावकीत घरटी एक पुरुष बसतो. विधवेच्या घरचा मुलगा अठराचा होईपर्यंत त्या घराला मत नाही. दोन्हींना 'समूह' हा एकच शब्द लावला म्हणून त्या एकच संस्था होत नाहीत.

रानवाट, तुमचीही एक बाजू कच्ची आहे. कायदा लागू झाला ३ जुलै २०१७ ला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून कारवाई करू शकतात, पण जामीनपात्रही आहे, म्हणजे पंच त्याच दिवशी संध्याकाळी पारावर परत. आरोपपत्रापासून ६ महिन्यांत खटला संपवावा असं म्हटलंय. पण खटला बसतो तो पुराव्यावर. निर्णय तोंडी, दंडाला पावती नाही, आणि साक्षीदार सगळे त्याच वाडीतले.

म्हणून तक्रार देताना 'आम्हाला वाळीत टाकलं' एवढंच लिहू नये. कोणत्या तारखेला, कोणाच्या अंगणात बैठक झाली, कोण कोण होतं, दंडाचा आकडा काय ठरला, त्यानंतर दळण कोणी नाकारलं, पालखी कधी चुकवली, हे तारीखवार लिहावं. नाहीतर ठाण्यात त्याची अदखलपात्र नोंद होते आणि कागद तिथेच राहतो. पोलीस घेत नसतील तर थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. बैठक व्हायची असल्याची कुणकुण आधीच लागली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं. मनाईचा आदेश काढायचा अधिकार त्यांना आहे.

तिसरा मजला
थोडं अवांतर. कोकणातल्या गावकीवर सगळे तुटून पडता, आणि मुंबईतल्या सोसायट्या? 'मांसाहारी चालणार नाही' हे दलाल फोनवरच सांगतो. आडनाव विचारून जागा नाकारतात. तिथे पंच नाहीत, पारही नाही, मॅनेजिंग कमिटी आहे. फरक काय?

कागदपत्र
फरक असा की तिथे समूहाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या २००५ च्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की सभासदत्व फक्त पारशांना देणारी उपविधी, म्हणजे संस्थेचा नियम, वैध आहे, कारण संघ स्थापन करण्याचं स्वातंत्र्य संस्थेला आहे.

तिसरा मजला
मग खुल्या सभासदत्वाचं काय? आपल्या सहकार कायद्याच्या कलम २३ मध्ये पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर ३ महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार आपोआप सभासद ठरतो. नकार मिळाला तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे अपील.

कागदपत्र
कलम बरोबर. पण ते सुरू होतं अर्ज दाखल झाल्यावर. नकार येतो त्याच्या किती तरी आधी, दलालाच्या फोनवर. कागदच नाही तर अपील कशावर करणार? भाडेकरूला तर तोही मार्ग नाही, कारण तो सभासदत्व मागतच नसतो.

गावकार
म्हणजे सुशिक्षित माणसाने सातव्या मजल्यावर केलं की 'संघस्वातंत्र्य' आणि माझ्या गावाने केलं की तुरुंग! हेच मी कालपासून सांगतोय.

रानवाट
नाही, तुम्ही कालपासून वेगळंच सांगताय. सोसायटी वाईट आहे म्हणून गावकी चांगली ठरते, हा कुठला हिशोब? दोन्ही मोडा! सोसायटीने नाकारलेला माणूस दुसरी जागा शोधतो. त्याचा अपमान होतो, भाडं जास्त पडतं, हे मान्य. पण ज्याची अर्धा एकर जमीन, विहीर आणि बापाचं थडगं एकाच गावात आहे त्याने दुसरं गाव शोधायचं? 'पटत नसेल तर निघून जा' हे ज्याला निघता येत नाही त्यालाच ऐकवलं जातं. हा माझा मूळ मुद्दा होता आणि तो सोसायट्यांच्या चर्चेत बुडाला.

जुनी पोथी
निघून न जाता येणं गरिबापुरतं नसतं. पुण्यात १८९० साली ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, झालं. प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेलं. त्या चहाला गेलेले समाजसुधारक म. गो. रानडे सरकारी न्यायाधीश, त्यांच्या पाठीशी इंग्रजी राज्य, तरी १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सोयरिक, श्राद्ध, घरातल्या बायकांचं येणं-जाणं हे सगळं समाजाच्या हातात होतं. सरकार या गोष्टी देऊ शकत नाही, कायदा केला तरी.

गावकार
हेच. पोलीस बंदोबस्तात पालखी दारात थांबेलही, पण ओटी भरायला शेजारीण येणार का?

कागदपत्र
येणार नाही. पण 'तू तिथे गेलीस तर तुलाही दंड' हे कोणी म्हणू शकणार नाही, एवढं कायदा करू शकतो. जायचं की नाही हे मग तिचं ती ठरवेल. समेटाची वाटही ठेवली आहे: पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण मिटवता येतं, आरोपींना समाजसेवेची अट घालून. संमतीसाठी दबाव येतो, ही त्यातली खरी भीती. म्हणून ती न्यायाधीशांसमोर, पंचांना बाहेर ठेवून विचारली जावी.

गावकार
बायकांना गावकीत मत नाही, हे चूक आहे, मान्य करतो. बोलणाऱ्याला दंड, तोही नको. पण धर्मसंस्थेबाबत तुमचं हेच सरकार हात टेकतं ना? वाळीत टाकण्याला बंदी घालणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी आव्हान दिल्यावर १९६२ मध्ये रद्द झाला.

कागदपत्र
४ विरुद्ध १ ने, आणि तो विरोधी निकाल खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचा होता. वाळीत टाकलेल्याची अवस्था त्यांनी अस्पृश्यतेच्या जवळ नेऊन ठेवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने तो प्रश्न ९ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. तेव्हा 'हात टेकले' म्हणायची घाई करू नका.

रानवाट
गावकार, बोलणाऱ्याला दंड नको हे तुम्ही आत्ता मान्य केलंत. हेच वाक्य तुमच्या गावकीच्या पुढच्या बैठकीत मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तारखेसकट.