चित्रांचे पत्ते: लेकरांच्या गोष्टींसाठी चालतील का? आणि कुणी भविष्य विचारलं तर?

धारूरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेली पाचवी ते आठवीची लेकरं संध्याकाळी शाळेतच असतात. त्यांना स्वतःच्या गोष्टी रचायला लावायच्या आहेत. 'माझी आई' निबंध दिला की गाईडातला उतारा जसाच्या तसा येतो.

पुण्याच्या मैत्रिणीनं टॅरोचा जोड पाठवला, काही लोक भविष्य सांगायला वापरतात तो. ७८ पत्ते, प्रत्येकावर चित्र. लेकरं तुटून पडली. पण गावातल्या एकानं विचारलं, "सर, शाळेत जादूटोणा सुरू केला काय?" आणि स्वयंपाकाच्या मावशी रोज मागं लागल्यात, "एक पत्ता काढा अन् सांगा, पोराचं पोलीस भरतीत जमंल का?" काय करावं? ज्यांनी हे पत्ते वापरलेत त्यांनी सांगा.

विवेकवाट_लातूर

मावशींना पत्ता काढून देऊ नका, एकदासुद्धा. मास्तरनं सांगितलेलं गाव खरं धरतं. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले ते डाव खेळायला. भविष्याशी त्यांची गाठ पडली अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलँ या विद्वानानं लिहिलं की ही इजिप्तची प्राचीन विद्या आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडायला १८२२ साल उजाडलं. त्या गावकऱ्याला एवढं सांगा.

मुकुंदराजाच्या_गावची

मास्तर, जोड ठेवा. भविष्याबद्दल विवेकवाट म्हणतात ते मला मान्य आहे, पण त्यासाठी पत्ते कपाटात टाकू नका. मी निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाईची. बचत गटातल्या बायकांत आणि मुलींच्या वसतिगृहात हेच पत्ते घेऊन बसते.

तुमचा जोड बहुधा १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या जोडावरून काढलेला असेल. ती चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. आधीच्या बहुतेक जोडांत छोट्या पत्त्यांवर नुसते पेले, तलवारी, नाणी मोजून मांडलेली असायची, आपल्या बदाम सत्तीसारखी. बाईंनी एक्का ते दहाच्या त्या ४० पत्त्यांपैकी बहुतेकांवर माणसं आणली, प्रसंग आणले. गोष्टीला हेच पत्ते लागतात. सम्राट, जादूगार, न्याय असे २२ मोठे पत्ते नंतर द्या. त्यांच्यावर नाव छापलेलं असतं, लेकरं चित्र सोडून नावालाच धरतात.

तलवारींचा छक्का काढून बघा. एक होडी आहे. तिच्यात डोक्यावरून पांघरून पाठमोरी बसलेली बाई, शेजारी लेकरू, मागं उभा राहून काठीनं होडी ढकलणारा माणूस, आणि पुढं सहा तलवारी टोकावर उभ्या. वसतिगृहात सातवीतल्या एका मुलीपुढं हा पत्ता होता. ती म्हणाली, "हा मुकादम न्हाई, बापच हाय. मुकादम आसता तर बसला आसता." तलवारी कशाच्या, विचारलं. "कोयते हायत, सगळ्या टोळीचे. वझं झालंय, पण टाकून देता येईना. उचल घेतलीय." मग तिनं बोट ठेवलं नावेच्या दोन बाजूंच्या पाण्यावर. "हिकडचं पानी हलायलंय, तिकडचं न्हाई. तिकडं कारखाना आसंल." मी हा पत्ता कितीदा हाताळलाय, पण पाण्यातला फरक मला तिनं दाखवला. त्या दिवशी तिनं वहीची पानं भरून लिहिलं. जोडाबरोबर अर्थांची पुस्तिका येते ना, ती आधी काढून ठेवा. पुस्तिका दिसली की लेकरू 'बरोबर उत्तर' शोधायला लागतं.

मी फार विचारत नाही. काय दिसतंय, याच्या आधी काय झालं असेल, आता यातलं कोण बोलणार, बस. चौथा प्रश्न सहसा लागत नाही.

एक पत्ता मात्र जोडातून काढाच: उलटा टांगलेला माणूस. चित्रात तो एका पायानं बांधलाय, चेहरा शांत, डोक्याभोवती तेज, जाणकार त्याचा अर्थ थांबणं, नव्यानं बघणं असा लावतात. पण आपल्याकडं कुठल्या घरात दोर काय करून गेलाय हे वर्गात बसून कळत नाही. ज्या लेकराचा बाप तसा गेलाय त्याच्या हाती तो पत्ता यायला नको. तो नसल्यानं कुठलीच गोष्ट अडत नाही.

आता मावशी. त्यांना झिडकारू नका. भरतीचं उत्तर मैदानात आणि गुणवत्ता यादीत आहे, ते पत्त्यात नाही, हे आधी स्वच्छ सांगा. मग सगळे पत्ते उघडे पसरा आणि म्हणा, तुमच्या पोरासारखा दिसणारा एक उचला. मी पत्ता कधीच पालथा ठेवत नाही. पालथा ओढला की 'मला हा लागला' म्हणतात आणि त्याची भीती घेऊन घरी जातात. पोपटवाल्याचं सगळं त्या पालथेपणावरच चालतं. उघड्यातून निवडलेला पत्ता त्या बाईचा स्वतःचा असतो, आणि त्यावर बोलायचंही तिनंच. तुम्ही ऐकायचं. पैसे, नारळ काही घ्यायचं नाही. आणि बोलता बोलता कुणी 'जगावं वाटत नाही' म्हणालं तर पत्ते तिथंच गुंडाळा, त्या माणसाजवळ बसा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर तुमच्यासमोर फोन लावून द्या.

गावकऱ्याला इटली-इजिप्त सांगून पटेल असं मला वाटत नाही. त्याला चित्रकथी सांगा. एकेक चित्र उभं धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा म्हणायची. त्या चित्रांच्या शैलीला नावच पैठणचं आहे. तळकोकणात पिंगुळीच्या ठाकरांनी ही कला धरून ठेवली, त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्याकडं जुनंच आहे.

सातारा_परिसर_संभाजीनगर

मी टॅरो वाचते, तोच माझा व्यवसाय आहे. ताईंचा बराचसा सल्ला पटला. पण उघडे पत्ते असले की माणूस ओळखीचंच उचलतो. गोष्टीला अनपेक्षित काही लागतं. लेकरांना पहिला पत्ता निवडू द्या, दुसरा पालथ्या गड्डीतून ओढू द्या. होडी आणि राजवाडा एकत्र आले की गोष्ट आपोआप वळण घेते.

मुकुंदराजाच्या_गावची

गोष्टीसाठी मान्य, मीही करून बघेन. मावशींसाठी मात्र नाही.

धारूरचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. टांगलेल्या माणसाचा पत्ता आत्ताच काढून ठेवला. मावशींशी ताई म्हणतात तसं बोलतो. एक पोरगं म्हणतंय, "यात ट्रॅक्टर न्हाई, कोपी न्हाई, पाचट न्हाई. आपले पत्ते काढू." कागद कुठला घेऊ?

मुकुंदराजाच्या_गावची

काढू द्या! मी दोन जोड असेच केलेत. ३०० जीएसएमचं, म्हणजे जाड, कार्डशीट घ्या, पत्ता पोस्टकार्डाएवढा. लहान केला तर लेकरं चेहरेच काढत नाहीत. रंग मेणाचे नकोत, एकमेकांना चिकटतात. खाली नाव लिहू देऊ नका. मूळ चित्रं शाळेत ठेवा आणि वापरायला रंगीत झेरॉक्स काढून लॅमिनेट करा. अंबाजोगाईला आलात तर माझे जोड बघून जा.