मदत हवी आहे: रोड बाइकचा बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा संच) करकरतोय, त्याचे बेअरिंग धरणारे कप बदलावेत की नुसते काढून बसवावेत?

नमस्कार मंडळी. कार्बन फ्रेम, शिमानोचा प्रेसफिट बीबी86 (आटे नसलेला, फ्रेममध्ये दाबून बसवायचा बॉटम ब्रॅकेट), 24 मि.मी. स्पिंडल (दोन्ही क्रँक जोडणारी दांडी). चढावर जोर लावला की उजवं पेडल खाली जाताना दर फेऱ्याला एकदा 'कट्' होतं. पेडल थांबवलं की आवाज बंद. सीटवर बसून आणि उभं राहून सारखाच, त्यामुळे सॅडल आणि सीटपोस्ट यादीतून बाद.

आतापर्यंत केलेलं: दुसरी पेडल लावून पाहिली, फरक नाही. चेनरिंगचे बोल्ट काढून पुसले, ग्रीस लावून कसले. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट आलटून पालटून 12 ते 14 न्यूटन मीटरला. डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा) आणि मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल साफ करून पुन्हा बसवले. हे आधीच सांगतो, कारण कार्बन फ्रेममध्ये आवाज फिरतो. मागच्या अ‍ॅक्सलची करकर हुबेहूब बॉटम ब्रॅकेटची वाटते.

बेअरिंग हाताने गुळगुळीत फिरतात, क्रँकला खेळ नाही. म्हणजे संशय प्लॅस्टिक कप आणि फ्रेममधल्या फटीवर. पावसात तिथे पाणी आणि बारीक माती जातेच.

विचारायचंय ते असं:
कप ठोकून काढले तर तेच परत वापरता येतात का, की बेअरिंगवर बसलेल्या मारामुळे नवेच घ्यावेत?
बसवताना ग्रीस की रिटेनिंग कंपाउंड (बसवलेला भाग पक्का धरून ठेवणारा चिकट द्रव)? काही कंपाउंडने प्लॅस्टिकला चिरा जातात, म्हणून बिचकतोय.
शेलचा (फ्रेमच्या ज्या नळीत कप बसतात तिचा) आतला व्यास 41 मि.मी. हवा, तो लंबगोल झालाय का हे घरच्या व्हर्नियरने भरवशाने कळेल? लंबगोल झाला असेल तर मधोमध एकमेकांत आटे बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा बॉटम ब्रॅकेट कुणी वापरलाय का?