शर्यतीआधी लेसिक्स: फुफ्फुस वाचतं की घोडा सुकतो?

लगाम: अमेरिकेत शर्यतीच्या 4 तास आधी घोड्याला शिरेतून फ्युरोसेमाइड, म्हणजे लेसिक्स हे लघवी वाढवणारं औषध, देत आलेत; 150 ते 500 मिलिग्रॅम. केंटकी डर्बी या तिथल्या नामांकित शर्यतीत 2021 पासून ते बंद झालं. मला ही बंदी चुकीची वाटते. भरधाव घोड्याच्या फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत दाब 100 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास चढतो, भिंती फाटतात आणि रक्त वायुकोशांत उतरतं. हे औषध मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाही. मिठामागोमाग पाणी जातं, रक्तातला द्रव घटतो, दाब उतरतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगात 167 घोडे आठवड्याच्या अंतराने दोनदा पळवले, एकदा औषधावर, एकदा नुसत्या सलाईनवर. सलाईनवर रक्तस्रावाची शक्यता 3 ते 4 पट निघाली.

खोगीर: प्रयोग चोख आहे, पण औषध देऊनही त्यात बऱ्याच घोड्यांच्या श्वासनलिकेत रक्त दिसलंच. शिवाय लघवीवाटे 10-15 किलो वजन उतरतं. हलका घोडा जास्त पळणारच! मग ज्याला रक्तस्राव नाही त्यालाही सुई टोचली जाते. आपल्याकडे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतीच्या दिवशी औषध चालत नाही, तेच बरोबर.

नालबंद: क्षारांचं कुणी बोलत नाही. लघवीतून क्लोराइड जातं, वर घामातून आणखी जातं, कारण घोड्याचा घाम माणसापेक्षा कितीतरी खारट. रक्त अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम घटतं. मग हृदयाला लागून जाणारी श्वासपटलाची, म्हणजे छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याची, नस प्रत्येक ठोक्याला चाळवते. कुशीवर हात ठेवा, नाडीच्या तालात कूस उडते.

लगाम: ते 80-160 किलोमीटरच्या एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या, शर्यतीत, आणि तिथे हे औषध निषिद्धच आहे. दोन मिनिटांच्या शर्यतीत क्वचित.

नालबंद: क्वचित, मान्य. पण पाण्याची चूक रोजची. लेसिक्सने मीठ आणि पाणी दोन्ही जातं, रक्त फारसं खारट होत नाही, म्हणून तहानच लागत नाही. साधं पाणी दोन घोट घेऊन घोडा तोंड फिरवतो. 10 लिटरच्या बादलीत 90 ग्रॅम मीठ घालून ती आधी द्या, मग साधी.

खोगीर: आणि शर्यतीनंतर 30 ते 60 मिनिटांनी एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून श्वासनलिका बघणं. रक्त जास्त दिसलं तर घोड्याला विश्रांती द्या, पुढच्या शर्यतीला वाढीव डोस नको.