विषय: आमची आजी आणि दिवाळी अंकातलं स्मरणाचं पान

प्रेषक: अंक समिती

ताई, आजींची बातमी कळली, फार वाईट वाटलं. संक्रांतीला तुमच्या घरी व्हिडिओ कॉलवर त्यांनी आम्हा सगळ्याजणींना उभं करून सूर्यनमस्कार घालायला लावले होते, ते अजून निघतं आमच्यात. दिवाळी अंकात त्यांच्यासाठी पान ठेवलंय. दीडशे शब्द, एक फोटो, जन्मतारीख आणि जन्मगाव, जिल्हा एवढं पाठवाल? रविवारी पानं लावायची आहेत.

———

प्रेषक: भिलवडीची नात, न्यू जर्सी

दीडशे शब्द होतील, तारखेचं अवघड आहे.

शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३२ आहे. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तर पोराच्या उंचीकडे बघून साल टाकून द्यायचे. आधारवर १ जानेवारी आहे आणि साल आणखी पुढचं. म्हणजे जितका कागद नवा, तितकी आजी तरुण. तिचं स्वतःचं म्हणणं एकच, "सांगलीचा पूल झाला तवा मी पाळण्यात हुते." तो म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल, १९२९ चा.

जिल्ह्याचीही तीच गत. माहेर कुंडलचं, आणि कुंडल तेव्हा औंध संस्थानात. तिथले राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे केलेले, ते हिने धरले ते धरलेच. गुडघे गेल्यावर खुर्चीत बसून निदान हात वर करायची. लग्न होऊन भिलवडीला आली ती सातारा जिल्ह्यात. १९४९ साली त्याच घराचा जिल्हा दक्षिण सातारा झाला, १९६० साली सांगली. पुढे तासगाव तालुक्यातून गाव पलूसमध्ये गेलं, तेव्हा तिचं मत एवढंच, "बरं झालं, एस्टीचं तिकीट कमी पडंल."

लग्न मात्र ठळक आहे. प्रतिसरकारच्या, म्हणजे नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध गावोगावी चालवलेल्या समांतर सरकारच्या दिवसांत ठिकठिकाणी गांधी लग्नं लावत, तसं तिचं लागलं. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही. पणजोबांचा खर्च वाचला म्हणून ते खूश, पण आजीला अखेरपर्यंत एक सल होता की नवरी म्हणून अंगावर जाडंभरडं खादीचं लुगडं आलं. नातींच्या लग्नात पैठणीशिवाय ऐकायची नाही, ते यामुळे! घरातल्या बायका रात्री जास्तीच्या भाकरी थापायच्या आणि ही पाटीत वर शेण्या रचून मळ्यात नेऊन ठेवायची. कुणासाठी ते विचारायचं नाही. नाना पाटील तिने पाहिले होते का, हे आम्ही खोदून खोदून विचारलं. "अंधारात सगळे पटकेवाले सारखेच दिसायचे," म्हणायची. दुसरी एखादी असती तर नक्की हो म्हणाली असती.

———

प्रेषक: सातारकर काका, टोरांटो

पोरी, मी गप्प बसणार होतो, पण सालाचा विषय निघाला की राहवत नाही. प्रतिसरकार १९४३ ते ४६. मुलगी पंधरा-सोळाची धरली तर पुलाचं साल जुळतं. पण त्या काळी तेराव्या-चौदाव्या वर्षीही उजवून टाकत. मग मास्तरांचं ३२ खरं ठरेल. कोयनेच्या भूकंपाचं काही सांगायच्या का? ११ डिसेंबर १९६७, पहाटे. मी साताऱ्यात शाळेत होतो. आम्ही पांघरुणासकट रस्त्यावर आलो आणि नंतर कित्येक रात्री वडिलांनी घरात झोपू दिलं नाही.

———

प्रेषक: भिलवडीची नात

काका, भूकंपाचं तिच्याकडे मोजकंच होतं: उतरंड कोसळली, वर्षाची हळद मातीत गेली. माणसं दगावली ती कोयनानगरला, आपलं काय, म्हणून विषय संपवायची. ७२ च्या दुष्काळावर मात्र तासभर बोलायची. आटपाडीची नणंद जनावरं घेऊन आली ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिली. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटायची. दोघी नणंद-भावजयांचं त्याआधी कधी पटलं नव्हतं आणि त्यानंतरही पटलं नाही, पण तेवढे महिने एका चुलीवर निघाले.

तुमच्या शंकेचं उत्तर तिच्याच बोलण्यात आहे. शेणोलीला प्रतिसरकारवाल्यांनी रेल्वेची पगाराची गाडी लुटली, ती ७ जून १९४३ ला. कुंडलला ती बातमी पोचली तेव्हा आपण लुगडं नेसत होतो, हे ती नेमकं सांगायची, कारण पोलीस आल्यावर ओच्यात काय काय दडवलं त्याची यादीच होती तिच्याकडे. मास्तरांच्या हिशेबाने ती तेव्हा अकराची होते. अकराव्या वर्षी परकर असतो, काका.

———

प्रेषक: सातारकर काका

मान्य. शेणोली आमच्या कराड तालुक्यातली, एवढं फक्त पानावर येऊ द्या.

———

प्रेषक: अंक समिती

मग जन्म १९२९, कुंडल, औंध संस्थान असं टाकते. तारखेची जागा कोरी. चालेल? महापुराबद्दल एखादी ओळ द्याल का? आपल्याकडे सांगलीचे बरेच जण आहेत.

———

प्रेषक: भिलवडीची नात

चालेल. महापुराचं असं: ऑगस्ट आला की आम्ही इथून आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघत बसतो, तुमच्यापैकी अनेकजण बघत असतील. ४५ फुटांना धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. भिलवडीत पाणी शिरत होतं, आणि आजी माडीवरून फोनवर मलाच विचारत होती, "पुलाला किती झालं?" दारात नाव आली तरी उतरेना. २००५ चं पाणी पायरीवर थांबलं होतं, हेही थांबेल, असा तिचा हिशेब. शेवटी गोठा रिकामा झालाय, म्हशी वरच्या अंगाला पोचल्या, हे आमच्या घरच्या काकांच्या तोंडून ऐकल्यावर ती उतरली. नावेतल्या पोरांना वर सुनावलं की वल्हं नीट धरा.

फोटो सोबत जोडलाय. डावीकडची म्हैस कापू नका, पान कमी पडलं तर माझे शब्द कापा.