एफ-४०, लाल प्लॅस्टिक आणि वर पिवळा रंग: थर कसे आणि किती?

बारीककाम:

१/२४ प्रमाणातली (खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी) फेरारी एफ-४० ची मॉडेल गाडी करायला घेतली आहे. किटची बॉडी लाल प्लॅस्टिकची आहे आणि मला गाडी पिवळी करायची आहे. एफ-४० कारखान्यातून लाल रंगातच बाहेर पडायची हे माहीत आहे; नंतर मालकांनी पिवळ्या करून घेतलेल्या गाड्यांसारखी एक करायची आहे. अजून काहीच रंगवलेलं नाही, सगळे भाग स्प्रूवरच (भाग जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) आहेत. हात घालण्याआधी चार गोष्टी पक्क्या करायच्या आहेत. खालचा लाल रंग वर फुटू नये म्हणून मध्ये काय मारावं? एवढे थर बसल्यावर दारांच्या आणि मागच्या झाकणाच्या फटी बुजणार नाहीत यासाठी काय करावं? क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारावा की नको? आणि इंजिन व केबिनमध्ये जादा काम किती घालावं? ०.३ मिमी नोझलचा एअरब्रश (रंग फवारायचं छोटं यंत्र) आहे, रंग लॅकरचे वापरणार आहे.

थरावरथर:

सुरुवात फटींपासून करा, प्रायमर लागल्यावर ते काम नीट होत नाही. खऱ्या गाडीत दाराची फट साधारण ४-५ मिमी असते, म्हणजे १/२४ मध्ये ०.२ मिमीच्या आसपास. तुमच्या बॉडीवर प्रायमर, आडथर (खालचा लाल अडवणारा थर), पांढरा, पिवळा आणि क्लिअर मिळून आठ-दहा हात बसणार. रंग फटीच्या दोन्ही भिंतींवर चढतो, तळाशी तर साचतोच. म्हणून फट रुंद न करता खोल करायची. ०.१५ किंवा ०.२ मिमीचं स्क्रायबर ब्लेड (रेघ कोरायचं पातं) घ्या, नसेल तर कटरच्या पात्याची पाठ चालते. जोर न देता सात-आठ वेळा ओढा. पहिल्या ओढीला जोर दिला की पातं रेघ सोडून बॉडीवर घसरतं आणि तो ओरखडा पुट्टी भरूनही क्लिअरखाली दिसतो. वळणावर पातं ढकलू नका, दोन्ही बाजूंनी कोपऱ्याकडे ओढत या.

त्याच बैठकीत साच्याच्या रेघा काढा. त्या नेहमी चाकांच्या कमानींवरून, पुढच्या-मागच्या खांबांवरून आणि बंपरच्या कोपऱ्यांवरून जातात. एफ-४० च्या मागच्या मोठ्या पंखाच्या कडा आणि आतली बाजूही तपासा, तिथली रेघ डोळ्यांतून सुटते. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने काढून १००० ने गुळगुळीत करा. मग भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात बॉडी धुवा आणि पूर्ण वाळू द्या. धुतल्यावर फक्त आतून धरायची.

आता लाल रंगाचं. प्लॅस्टिकमधला रंग लॅकरच्या थिनरमध्ये विरघळतो आणि ओल्या थरातून वर येतो. म्हणून पांढरा प्रायमर थेट मारला की तासाभरात किंवा दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसायला लागतो, आणि वर कितीही पांढरा मारला तरी प्रत्येक हात खालचा पुन्हा ओला करतो, गुलाबी पुन्हा वर. उपाय थर वाढवण्यात नाही. मध्ये आडथर घालावा लागतो आणि तो कोरडा मारावा लागतो. माझा क्रम असा: राखाडी प्रायमरचे दोन हलके, जवळपास कोरडे हात. त्यावर लॅकर चंदेरीचे दोन पातळ हात; त्यातले धातूचे कण आडवे पडून एकावर एक बसतात आणि लाल अडतो. चंदेरी एक रात्र ठेवायचा, मग पांढरा, आणि पांढऱ्याचाही पहिला हात फवाऱ्यासारखा.

आधी चाचणी घ्या. त्याच लाल स्प्रूचा जाड तुकडा घ्या, अर्ध्यावर चंदेरी मारा, अर्धा तसाच सोडा आणि दोन्हीवर पांढरा ओला मारा. २४ तास ठेवून दिवसाच्या उजेडात पाहा. चंदेरीचा अर्धा भागही गुलाबी झाला तर आडथराचा अजून एक हात द्यायचा. किटागणिक प्लॅस्टिकचा रंग कमी-जास्त फुटतो, त्यामुळे ही चाचणी टाळू नका.

पांढरा पूर्ण झाकणारा हवा, कारण पिवळ्याची झाकायची ताकद फार कमी. राखाडीवर थेट पिवळा मारला तर हिरवट झाक येते आणि ती लपवण्यासाठी पिवळा जाड होत जातो. ऊबदार, किंचित केशरीकडे झुकणारा पिवळा हवा असेल तर पांढऱ्यात चिमूटभर लाल घालून फिकट गुलाबी करा आणि त्यावर पिवळा मारा, रंग लवकर भरतो. थोडा लिंबासारखा पिवळा हवा असेल तर शुद्ध पांढरा. मात्र बॉडी, पंख, आरसे, मागचं झाकण, सगळ्यांना खालचा थर एकाच बैठकीत आणि एकाच मिश्रणाचा द्या. वेगवेगळ्या दिवशी मारलेले तुकडे जुळवल्यावर पिवळ्यात फरक लगेच दिसतो.

नोझल०३:

क्रमाशी सहमत. एअरब्रशचे आकडे देतो. रंगाला थिनर दीडपट, चंदेरीला दुप्पट, दाब १ ते १.२ बार, अंतर ८ ते १० सेंमी. पिवळ्याला लेव्हलिंग थिनर घ्या. त्यात सुकणं लांबवणारा घटक असतो, रंगाला पसरून सपाट व्हायला वेळ मिळतो. चंदेरीला आणि आडथरावरच्या पहिल्या पांढऱ्याला मात्र साधा लॅकर थिनर. तिथे थर लवकर सुकायला हवा. तो जितका वेळ ओला, तितका लाल वर येणार.

ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) आली की लोक दाब वाढवतात, पण बहुतेक वेळा दोष दाबाचा नसतो. थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला असतो. हात दूर असतो, रंग जाड असतो किंवा हवा फार गरम असते. जवळ या, पातळ करा, आणि पृष्ठभागावर पडणारा उजेड बघत मारा. हात पुढे सरकल्यावर मागे ओली चमक राहिली पाहिजे, पण ती हलता कामा नये. हलली की पुढचा टप्पा ओघळ. एफ-४० वर ओघळ पहिल्यांदा दाराच्या मागच्या हवेच्या खाचांखाली आणि पंखाच्या उभ्या खांबांवर येतो, तिथे हात वेगाने न्या.

क्लिअरबाबत माझं मत वेगळं आहे. पिवळा हा साधा, धातूचे चमकते कण नसलेला रंग आहे. नीट मारलेला लॅकर पिवळा थेट पॉलिश होतो. शिवाय खऱ्या एफ-४० वर रंग इतका पातळ होता की कार्बन-केव्हलरची वीण काही ठिकाणी रंगाखालून दिसायची. अशा गाडीवर काचेसारखा जाड क्लिअर विसंगत दिसतो. दोन घटकांचा युरेथेन तर या गाडीला नकोच. एका हातात प्रचंड चमक देतो, पण कडा गोल करून टाकतो आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. घरच्या टेबलावर साध्या मास्कने ते मारायचं नाही. लॅकरलाही सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच.

थरावरथर:

पॉलिशसाठी पिवळ्यावर पुरेशी जाडी असते हे मान्य. पण त्याच्या खाली पांढरा आहे आणि बॉनेटवरच्या नाका डक्टच्या (हवा आत घेणाऱ्या खोलगट खाचेच्या) कडा सुरीसारख्या आहेत. क्लिअर नसेल तर वॉटर पेपरच्या पहिल्या चार घासांत पांढरं डोकं वर काढेल. दोन हलके आणि एक ओला असे तीन हात लॅकर क्लिअर, दुप्पट थिनरने, एवढं मी तरी सोडणार नाही. डिकॅल (पाण्याने चिकटवायची छापील चित्रं) क्लिअरखाली घ्यायचे असतील तर पहिले दोन हात नुसता फवारा असावा. तामियाच्या टीएस-१३ सारखा लॅकर क्लिअर सुरुवातीलाच ओला मारला तर डिकॅल सुरकुततात, शाई पसरते. डिकॅल बसवल्यावर किमान २४ तास थांबा. खाली पाणी राहिलं तर क्लिअरमधून फुगे येतात.

घासूनपुसून:

वाद क्लिअरचा असला तरी गाडी बिघडते घासताना. त्याबद्दल लिहितो.

शेवटच्या हातानंतर किमान एक आठवडा बॉडी झाकून ठेवा. नाकाजवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून आत द्रावक आहे. आज घासली तर महिन्याभरात थर आकसून खालचे ओरखडे पुन्हा दिसतात. डिहायड्रेटर (कोमट हवेने सुकवायचं यंत्र) वापरणार असाल तर ४० ते ४५ अंशांच्या वर नेऊ नका, लांब पातळ खांब वाकतात.

घासण्याआधी सगळ्या धारदार कडांवर १ मिमी रुंदीची मास्किंग टेप लावा: नाका डक्टचा परीघ, चाकांच्या कमानी, दारांच्या फटींची दोन्ही ओठं, पंखाची मागची कड. मग ३००० नंबरने पाण्यात साबणाचा थेंब टाकून सपाट भाग घासा. ऑरेंज पील जास्त असेल तरच २००० पासून सुरू करा. कागद बोटाभोवती गुंडाळू नका, बोटाच्या मध्याचा दाब खड्डा पाडतो. मागे पातळ स्पंज घ्या. दर दहा-बारा घासांनी पाणी पुसून पाहा. पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला की थांबायचं. मध्ये चमकणारे ठिपके दिसत असतील तर ते खोलगट भाग, तेवढेच अजून घासायचे. पाण्यात पिवळा उतरला म्हणजे क्लिअर संपला, तिथे लगेच थांबा. पुढे ४०००, ६०००, मग टेप काढून मध्यम कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) आणि शेवटी बारीक कंपाउंड. कडांवर कंपाउंडही एकदाच, कापड कडेकडून बाहेरच्या दिशेने न्यायचं.

फटींत साचलेलं पांढरं कंपाउंड जुन्या मऊ टूथब्रशने कोमट पाण्यात काढा, त्यानंतरच पॅनल लाइनर (फटी गडद करायचा पातळ रंग). पिवळ्या गाडीत काळा लायनर फार उठून दिसतो, गडद तपकिरी घ्या. फक्त उघडणाऱ्या भागांच्या फटींना गडद करा. बॉडीच्या नुसत्या उमटवलेल्या रेघांना त्याच्याच पिवळ्याची गडद छटा पुरते. लायनर इनॅमलचा असतो, त्यामुळे लॅकरवर चालतो, जादाचा इनॅमल थिनरच्या जेमतेम ओल्या कापसाच्या काडीने पुसला जातो. न रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या सांध्यात मात्र तो मुरू देऊ नका, ताणाखाली असलेलं प्लॅस्टिक तडकतं.

बारीककाम:

खूप उपयोगी. क्लिअर तीन पातळ हातांचाच घेतो. दोन गोष्टी राहिल्या: पांढरा माझ्याकडे स्प्रे कॅनमध्ये आहे, तो आडथरावर चालेल का? आणि इंजिन-केबिनबद्दल कोणीच लिहिलं नाही.

नोझल०३:

कॅनमधून थेट मारू नका. कॅन एका वेळी भरपूर थिनर ओततो आणि आडथर पुन्हा भिजतो. कॅनच्या तोंडाला स्ट्रॉ टेपने लावून रंग काचेच्या बाटलीत काढून घ्या. बाटली झाकण न लावता अर्धा तास तशीच ठेवा, विरघळलेला वायू निघून जाईपर्यंत. लगेच झाकण लावलं किंवा ढवळलं तर रंग उसळून बाहेर येतो. नंतर एअरब्रशमध्ये बहुधा तसाच चालतो, जेमतेम थिनर लागेल.

नट_बोल्ट:

इंजिन आणि केबिन माझ्या आवडीचं आहे. आधी खऱ्या गाडीची मापं काढा आणि २४ ने भागा, मग तार विकत घ्या. प्लगची वायर ७-८ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये ०.३ मिमी. ब्रेकची नळी पाच मिमीच्या आत, म्हणजे ०.२. पाण्याचे होस ३०-४० मिमी, म्हणजे १.२ ते १.७. सहज मिळणारी ०.५ ची तार प्लगला लावली तर ती खऱ्या गाडीत १२ मिमीची झाली, आणि सगळ्या इंजिनाचं खेळणं होतं. भोक ०.३५ च्या ड्रिलने दोन मिमी खोल पाडा, तार घालून मुळाशी सुईच्या टोकाने गोंदाचा कण लावा. एफ-४० ची मागची खिडकी पारदर्शक आणि फटीदार असते, झाकण बंद असतानाही इंजिनाचा वरचा भाग दिसतो. म्हणून काम इनटेक, प्लगच्या वायरी आणि वरच्या होसवर घाला. ट्रान्समिशनच्या खालच्या बाजूला तास घालवू नका.

केबिनमध्ये फ्लॉकिंग (गालिच्यासारखी दिसणारी बारीक धाग्यांची भुकटी) अजिबात नको. बऱ्याच जणांना प्रत्येक गाडीत गालिचा घालायची सवय असते, पण या गाडीत गालिचा नाहीच, फरशीवर उघडी कार्बनची वीण आहे. वीणीचा डिकॅल सगळ्यांत बारीक घ्या. खऱ्या धाग्यांची पट्टी दोन मिमीच्या घरातली असेल तर इथे ती ०.१ मिमीपेक्षा कमी व्हायला हवी. १/१२ साठीचा डिकॅल इथे लावला की फरशी टोपलीसारखी दिसते. वीणीवर सेमी-ग्लॉस, पूर्ण चमक नको. आणि एक जागा जरूर करा: आत पॅनल जिथे चिकटवलेत तिथे हिरवट गोंदाची ओबडधोबड रेघ दिसते. राखाडीत थोडा हिरवा मिसळून ०००० ब्रशने मुद्दाम असमान ओढा. दाराला आतून हँडल नाही, ओढायची तार आहे, ती ०.२ च्या तारेने होते. सीटवर मंद लाल कापड, डॅशबोर्डवर मॅट राखाडी. दोन्हींवर चमक राहिली तर कापड प्लॅस्टिकसारखं दिसतं.

पुढच्या दिव्यांची आवरणं आणि सगळ्या काचा सुपरग्लूने चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी धुरकट बसते आणि आतल्या बाजूने ती काढता येत नाही. सुकल्यावर पारदर्शक होणारा पाण्याचा पांढरा गोंद वापरा, जादाचा ओल्या काडीने निघतो.

टायर रबराचे वाटले तरी बहुतेक किटमध्ये व्हिनाइलचे असतात. त्यातला मऊ करणारा घटक वर्षांनुवर्षांत रिमच्या प्लॅस्टिकला विरघळवतो, म्हणून रिमच्या आतल्या कडेला प्रायमर आणि रंग लावूनच टायर चढवा. ट्रेडच्या मध्यावरची साच्याची रेघ ४०० च्या कागदाने काढा, तेवढ्याने रबर मंद होऊन खरं दिसतं. मागचा टायर ३३५ मिमी रुंद, म्हणजे १४ मिमी. पुढचा २४५, म्हणजे १०. बसवताना पुढचे-मागचे अदलाबदल झाले तर गाडीची ठेवणच जाते.

बॉडी चासीवर रंगाआधी एकदा पूर्ण बसवून पाहा, चारही चाकं लावून. मागच्या झाकणाच्या बिजागऱ्यांच्या आतल्या बाजूला आणि चासी जिथे बॉडीला घासते तिथे टेप लावून ठेवा, रंग चढू देऊ नका. त्या जागी नुसता ०.१ मिमी वाढला तरी झाकण शेवटचा एक मिमी बसत नाही, आणि दाबायला गेलात तर नुकतीच पॉलिश केलेली कड तिथेच उडते.